पोलिसांनी हात केला, आता काय? वेगात पकडले गेल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गाडी शिकवतो. क्लच, गिअर, चढावर गाडी धरणं हे सगळं सरावानं येतं. पण हातात लायसन्स पडून चार-सहा महिने झाले की तेच विद्यार्थी फोन करतात, आणि तेव्हा प्रश्न क्लचचा नसतो. "सर, काल मला ओव्हरस्पीडला पकडलं" इथून बोलणं सुरू होतं. आवाजात दंडाच्या पैशांपेक्षा शरमच जास्त जाणवते. पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे तसं म्हटलं आहे.

पोलिसाने हात केला. पहिल्या मिनिटात नेमकं काय करायचं?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि इंडिकेटर द्या. कचकन ब्रेक मारू नका, मागचा माणूस पोलिसाकडे बघत असतो, तुमच्याकडे नाही. इंडिकेटर दिला की "मी पाहिलंय, थांबतोय" एवढं समोरच्याला कळतं आणि अर्धा ताण तिथेच उतरतो. थांबताना जागा नीट निवडा. तुमची गाडी आणि धावती वाहनं यांच्यामध्ये एक माणूस सुरक्षित उभा राहू शकेल इतकी जागा हवी. वळणावर, पुलाच्या तोंडाशी थांबू नका. शंभर मीटर पुढे रस्त्याची रुंद कड दिसत असेल तर इंडिकेटर चालू ठेवून सावकाश तिथवर गेलात, तर तुम्ही पळताय असं सहसा कुणाला वाटत नाही.

गाडी थांबली की न्यूट्रल, हँडब्रेक, चारही इंडिकेटर, इंजिन बंद. काच पूर्ण खाली. गाणी बंद. रात्र असेल तर आतला दिवा लावा. आणि मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून थांबा.

या शेवटच्या गोष्टीवर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. माझी एक विद्यार्थिनी रात्री थांबवली गेली. पोलीस पोहोचायच्या आत लायसन्स काढून ठेवावं म्हणून तिने घाईघाईने पाकीट उघडलं, आणि कार्ड निसटून सीट आणि हँडब्रेकच्या मधल्या फटीत गेलं. ती खाली वाकून फटीत बोटं घालत होती, तेवढ्यात खिडकीशी टॉर्च आला. पोलिसाला दिसली ती फक्त वाकलेली पाठ आणि खाली काहीतरी शोधणारा हात. तो झटकन एक पाऊल मागे सरला आणि ओरडला, "हात वर!" तिला रडू फुटलं. पुढे सगळं नीट झालं, त्यानेच टॉर्च धरला आणि तिने पट्टीने कार्ड बाहेर काढलं. पण ते अर्धं मिनिट दोघांनाही जड गेलं. म्हणून आधी हात दिसू द्या. कागद मागितले की "लायसन्स पाकिटात आहे, काढतो" असं सांगून काढा.

गाडीतून उतरायचं की बसून राहायचं?

अमेरिकेत बसूनच राहायचं असतं. न सांगता दार उघडून पोलिसाकडे चालत जाणं तिथे धोक्याचं लक्षण मानतात. "खाली उतरा" असा हुकूम द्यायचा अधिकार मात्र पोलिसाला आहे, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच तो मान्य केला. इतर अनेक देशांत चालक उतरून पोलिसाजवळ जातो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. ठाऊक नसेल तर बसून राहा आणि विचारा, "उतरू का?" उतरायचं झालं तर आरशात बघून, आणि शक्यतो वाहतूक नसलेल्या बाजूने. खिडकीशी उभ्या माणसाची पाठ धावत्या गाड्यांकडे असते. तो चिडचिडा वाटला तर हेही आठवावं.

"किती स्पीडने चालला होतात?" असं विचारलं तर काय सांगायचं?

खोटं सांगू नका. पण अंदाजपंचे आकडाही फेकू नका. मीटरकडे लक्ष नव्हतं तर "लक्ष नव्हतं" हेच खरं उत्तर आहे. बऱ्याच देशांत ओळख आणि कागद दाखवणं बंधनकारक असतं, स्वतःविरुद्ध कबुली देणं नसतं. तुम्ही जे बोलाल त्याची नोंद होऊ शकते, तेव्हा दंड लढवायचा विचार असेल तर कमी बोलणं आणि नम्र राहणं दोन्ही एकदम जमलं पाहिजे. चूक मान्यच असेल तर "हो, वेगात होतो" हे तीन शब्द पुरे. सबबींचा पाढा वाचला की समोरचा माणूस ऐकणं बंद करतो.

स्पीड गन चुकत नाही का?

चुकू शकते. पण लोक समजतात तिथे नाही.

रडार गनमधून रेडिओ लहरी सुटतात, गाडीवर आपटून परत येतात. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरींची वारंवारता वाढलेली असते. ख्रिस्तियान डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व ते हेच. सुमारे २४ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या गनमध्ये ताशी १०० किमीच्या गाडीमुळे पडणारा फरक साधारण साडेचार हजार हर्ट्झचा असतो, म्हणजे कानाला ऐकू येणारा सूर. कित्येक गन तो सूर चालवणाऱ्याला ऐकवतातही. गन तपासण्यासाठी ठरावीक स्वराचा नादकाटा वाजवून तिच्यासमोर धरायची पद्धत आहे. पडद्यावर ठरलेला आकडा उमटला नाही तर गन वापरायची नाही.

"त्याने तिरकी धरली होती" ही तक्रार मी शंभरदा ऐकली आहे. एका जागी उभ्या असलेल्या रडारच्या बाबतीत तिरकेपणा चालकाच्याच फायद्याचा असतो. २० अंशांच्या कोनातून मोजलं तर १०० ची गाडी ९४ दिसते. जास्त नव्हे, कमी.

खरा वाद असतो तो "कोणती गाडी?" याचा. रडारचा झोत पसरट असतो, शंभर मीटरवर तो अनेक गाड्यांना पुरून उरतो. तुमच्या मागून मोठा ट्रक सुसाट येत असेल तर आकडा त्याचाही असू शकतो. लेझर गनचं तसं नाही. ती अवरक्त प्रकाशाचे तुटक तुटक ठोके पाठवते, प्रत्येक ठोक्यागणिक अंतर मोजते आणि अंतर किती झपाट्याने घटतंय त्यावरून वेग काढते. तिचा झोत तीनशे मीटरवरही जेमतेम एखाद-दोन हात रुंद असतो, त्यामुळे नेम एकाच गाडीवर धरता येतो. तेव्हा आकड्याबद्दल शंका असेल तर यंत्र रडारचं की लेझरचं, आजूबाजूला तेव्हा कोणती वाहनं होती आणि यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, ही तीन उत्तरं मिळवा. रस्त्यावर भांडून नव्हे, नोंदवून घेऊन.

माझ्या मीटरवर तर कमी दिसत होतं!

टायर कंपनीने दिलेल्या मापाचे असतील तर हे घडणं फार अवघड आहे. स्पीडोमीटरविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नसतं. जास्त दाखवायला मुभा आहे, तीही खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि त्यावर ताशी ४ किमी इथपर्यंतच. म्हणजे मीटरवर १०० असताना गाडी प्रत्यक्षात ८७-८८ वरही असू शकते. मात्र हौसेने मोठे टायर चढवले असतील तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि मीटरला ते कळत नाही. अशा वेळी तुमचं म्हणणं खरं असतं, पण दोष तुमच्याच गळ्यात येतो.

काही देश यंत्रातल्या संभाव्य चुकीपोटी मोजलेल्या आकड्यातून थोडं वजा करतात. जर्मनीत १०० च्या खाली ताशी ३ किमी आणि वर ३ टक्के वजा होतात. ही सवलत यंत्राला असते. "मर्यादेपेक्षा तीन जास्त चालतं" असा त्याचा अर्थ लावून गाडी हाणू नये.

कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारला तर सुटतो का?

एकाच जागी मोजणाऱ्या कॅमेऱ्यापासून कदाचित सुटाल, मागच्याला मात्र संकटात घालाल. शिवाय आता दोन ठिकाणी नंबर प्लेट वाचून सरासरी काढणारे कॅमेरे आहेत. १०० च्या मर्यादेत १० किमीला ६ मिनिटं लागायलाच हवीत. पाच मिनिटांत पोहोचलात तर सरासरी १२० झाली, मधे किती ब्रेक मारले याला अर्थ नाही.

कॅमेऱ्यांचा उगम फार थोड्यांना माहीत असतो. मॉरिस गॅट्सोनिडेस हा डच रॅली ड्रायव्हर, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपला वेग नेमका किती असतो हे कळावं म्हणून त्याने वेग मोजायचं यंत्र बनवलं आणि पुढे त्याच्याच नावाचे कॅमेरे जगभर लागले. त्याला वेग वाढवण्यासाठी आकडा हवा होता. पण आकड्याशिवाय वेग कळत नाही हे त्याने प्रामाणिकपणे ओळखलं होतं, हे मी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगतो. अंदाजाने ६० वाटणारी गाडी मीटरवर ८० निघते, विशेषतः मोठ्या रस्त्यावरून लहान रस्त्यावर उतरल्या उतरल्या.

समोरच्याने डिपर मारून "पुढे पोलीस आहेत" अशी खूण केली. आपणही करावी का?

ही रीत गाड्यांइतकीच जुनी. ब्रिटनमधली ऑटोमोबाइल असोसिएशन १९०५ मध्ये निघाली तीच मुळी सभासदांना पोलिसांच्या सापळ्यांची खबर द्यायला. सायकलवरचे तिचे स्वयंसेवक चालकांना सावध करत. १९१० मध्ये न्यायालयाने वेगात असलेल्याला असं सावध करणं हा पोलिसांच्या कामातला अडथळा ठरवला. मग त्यांनी शक्कल काढली: एरवी स्वयंसेवक सभासदाला सलाम करी, आणि सलाम केला नाही की सभासदाने ओळखायचं, पुढे काहीतरी आहे.

मी डिपर मारत नाही. पुढे उभे असलेले पोलीस वेगच बघत असतील हे तुम्हाला कुठून ठाऊक? दारू पिऊन निघालेला किंवा कुणाला उडवून पळालेला त्याच रस्त्यावर असेल तर आपण त्यालाही वाट दाखवतो. काही ठिकाणी यासाठी दंडही आहे.

सगळेच वेगात होते, मलाच का धरलं?

कारण एका वेळी एकच गाडी थांबवता येते. हा मुद्दा रस्त्यावरही चालत नाही आणि न्यायालयातही चालत नाही.

कुणाला फोन लावून द्यावा का? "मी कोण आहे" हे सांगावं का?

नाही. ओळख काढली की दोनच गोष्टी होतात. एक तर समोरचा पोलीस अडचणीत येतो, नाहीतर तुम्ही.

इथे मला विल्यम वेस्ट आठवतात. वॉशिंग्टनचे कृष्णवर्णीय पोलीस, यादवी युद्धात लढलेले. १९०८ मध्ये त्यांनी 'इव्हनिंग स्टार' या वृत्तपत्राला आपली हकिकत सांगितली. १८७२ मध्ये भरधाव घोडागाडी हाकणाऱ्या एका गृहस्थाला त्यांनी समज देऊन सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी तोच गृहस्थ पुन्हा भरधाव येताना सापडला. तो गृहस्थ म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट. वेस्ट यांनी त्यांना अटक केली. ग्रँट यांनी "मी राष्ट्राध्यक्ष आहे" म्हणून आवाज चढवला नाही, कर्तव्य करा म्हणाले, ठाण्यावर गेले आणि २० डॉलर जमा केले. गुलामगिरी संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. त्या काळात एका साध्या पोलिसाला केवढं बळ लागलं असेल! आपण तर फक्त लायसन्स काढून द्यायचं असतं.

"पावती नको, इथेच मिटवू" असं सुचवलं तर?

शांतपणे म्हणा, "दंड भरतो, पावती द्या." बस्स, पुढे एक शब्द नको. जागेवर दंड घेणं हे स्वतः गैर नाही, अनेक देशांत ते रीतसर चालतं, परदेशी चालकाकडून तर जागेवरच भरून घेतात. फरक पावतीत आहे. पावतीवर तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि रक्कम बघून घ्या. आणि तुम्ही होऊन नोट पुढे करू नका. वेगाचा गुन्हा किरकोळ असतो, लाच देणं किरकोळ नसतं. "थोडक्यात सुटलो" म्हणणारे विद्यार्थी मला भेटतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण पुढच्या चालकासाठी तो रस्ता त्यांनी थोडा आणखी खराब केलेला असतो.

गाडीत पेशंट असेल तर?

पहिल्या वाक्यात सांगा: कोण आहे, काय होतंय, कुठे नेताय. खरं असेल तर बहुतेक पोलीस वाट करून देतात किंवा रुग्णवाहिका बोलावतात. दंड तरीही होऊ शकतो, तो नंतर कागदपत्रं दाखवून लढवता येतो. पण हिशेब करून बघा. २० किमीचं अंतर ८० च्या वेगाने १५ मिनिटांत होतं, १०० च्या वेगाने १२. तीन मिनिटं वाचतात, तीही मधे एकही सिग्नल, एकही वळण न लागता. घाबरलेल्या नातेवाइकाच्या हाती स्टिअरिंग असताना ती तीन मिनिटं फार महाग पडू शकतात. शक्य असेल तर गाडी दुसऱ्याला चालवू द्या, तुम्ही पेशंटजवळ बसा.

दंड मान्य नसेल तर काय करायचं?

रस्त्यावर हुज्जत घालू नका. तिथे निकाल लागत नाही, कारण तिथे न्यायाधीश नसतो. सही मागितली तर ती कशासाठी आहे ते वाचा: कित्येक ठिकाणी सही म्हणजे "कागद मिळाला" एवढंच, "गुन्हा कबूल" असं नाही. घरी जाईपर्यंत वाट न बघता लगेच, गाडी उभी असतानाच, सगळं टिपून ठेवा: वेळ, जागा, हवा, वेगमर्यादेचा फलक कुठे होता, झाडाआड झाकलेला होता का. फोटो काढता आला तर उत्तम. मुदत मात्र पाळा. चांगली बाजू असलेली कितीतरी माणसं केवळ तारीख उलटली म्हणून हरतात.

गाडी माझी, पण चालवत दुसराच होता.

कॅमेऱ्याची नोटीस मालकालाच येते. चालक कोण होता हे कळवायची सोय असते, काही देशांत ती सक्ती असते. ब्रिटनमध्ये त्यासाठी २८ दिवस मिळतात. भावाचा दंड स्वतःच्या नावावर घेऊ नका, अनेक देशांत लायसन्सवर चुकांचे गुण चढतात आणि खोटं नाव देणं हा मूळ चुकीपेक्षा कैक पटींनी गंभीर गुन्हा आहे.

परदेशात भाड्याची गाडी चालवताना पकडलं तर?

भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि त्या कामाचे वेगळे पैसेही कापते. दंड नंतर घरी येतो. फिनलंडसारख्या देशात मोठ्या वेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तिथल्याच ऑलंड बेटांवर ५० च्या मर्यादेत ८२ ने जाणाऱ्या एका धनाढ्य उद्योजकाला १,२१,००० युरो भरावे लागले. रडार डिटेक्टर बरोबर नेऊ नका, फ्रान्समध्ये तो जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

निर्जन रस्ता, रात्र, आणि थांबवणारा खरा पोलीस आहे की नाही कळत नाही.

चारही इंडिकेटर लावा, वेग अगदी कमी करा आणि उजेडाच्या, माणसांच्या जागेपर्यंत सावकाश जा. जमल्यास तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून सांगा की मला थांबायला सांगितलंय, मी अमुक ठिकाणी थांबतेय किंवा थांबतोय. काच थोडीच उघडून ओळखपत्र मागा. खरा पोलीस याचा राग मानत नाही. एकट्या बाईने तर हे बिनदिक्कत करावं.

पण खरं सांगा, दहा-पंधराने काय बिघडतं?

दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत असं धरा, एक ५० ने, दुसरी ६५ ने. पुढे मूल रस्त्यात येतं. दोन्ही चालक एकाच क्षणी बघतात, दोघांनाही पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद लागतो, रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम. ५० ची गाडी साधारण २८ मीटरवर थांबते. त्याच जागी ६५ ची गाडी किती वेगात असते? मी वर्गात विचारतो तेव्हा उत्तरं येतात: दहा, पंधरा, फार तर वीस. खरं उत्तर आहे सुमारे ५०. ज्या जागी पहिली थांबली, तिथे दुसरी नुकती कुठे पहिलीच्या मूळ वेगावर आलेली असते.

कारण प्रतिक्रियेच्या त्या एका सेकंदात ती चार मीटर जास्त गेली आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, समोरून धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यूचा धोका ५० वरून ६५ वर जाताना साडेचार पटींनी वाढतो. हे गणित मी फळ्यावर खडूने करून दाखवतो. आकडेमोड संपली की वर्गात काही वेळ कुणी बोलत नाही.

मुलं मागे बसलेली असतील तर?

त्यांना एका वाक्यात सांगा: "मी वेगात होतो, म्हणून थांबवलं." पोलीस गेल्यावर त्याला नावं ठेवू नका.

सगळं झाल्यावर निघायचं कसं?

हे कुणी विचारत नाही, आणि गडबड इथेच होते. माणूस रागात किंवा शरमेत असतो, पावती मांडीवर, पट्टा लावायचा राहिलेला, आणि तो आरशात न बघताच सत्तर-ऐंशीच्या वाहतुकीत गाडी घुसवतो. पावती कप्प्यात ठेवा. पट्टा लावा. चारही इंडिकेटर बंद करून वळायचा इंडिकेटर द्या, आरसा बघा, मान वळवून खांद्यावरून बघा, मोठी फट मिळेपर्यंत थांबा. हात थरथरत असतील तर पोलिसालाच विचारा, "दोन मिनिटं इथेच थांबलो तर चालेल?" माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी ज्यांनी हे विचारलं, त्यांना कुणी नाही म्हटलं नाही. एकाला तर त्या पोलिसाने स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि निघताना हात दाखवून मागची वाहतूक थांबवून धरली.